रद्दीवाला पाचला येणार आहे

सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. रविवारची दुपार, ओपीडी बंद. चौतीस वर्षं मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या मामांनी वरच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं करायला काढलंय, कारण त्या जागी लसींचा नवा फ्रीज यायचाय. मदतीला भाची मुग्धा. मुंबईत एमडी झाली, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन वर्षं काढली आणि आता चार दिवसांच्या सुट्टीवर आजोळी आली आहे. दोघंही कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र कल्पित नाही. मुलांच्या डॉक्टरनं काय वाचायचं, यावर दोन बालरोगतज्ज्ञांचं सहसा एकमत होत नाही. आणि त्या वाचनाचा शेवट कुठल्या ग्रंथालयात होत नाही, तो तुमच्याआमच्या घरातल्या औषधाच्या चमच्यात होतो.

मुग्धा : मामा, यातली निम्मी जर्नल्स प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेरच काढलेली नाहीत. ही रद्दीत ना?

मामा : पाकिटातली दे. उघडलेली ठेव.

मुग्धा : उलट नको का? वाचून झालेली द्यायची, न वाचलेली ठेवायची.

मामा : जेवण झालं म्हणून ताट टाकून देतेस का तू?

मुग्धा : ताट संध्याकाळी पुन्हा लागतं. १९९४ चं जर्नल कुणाला लागतं? माझं सगळं या फोनवर आहे. 'न्यू इंग्लंड', 'लॅन्सेट', 'पिडियाट्रिक्स', 'जामा पिडियाट्रिक्स' आणि ब्रिटनचं 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड'. ही पाच पाहिली की जगात मुलांच्या औषधोपचारात काय हललं ते कळतं.

मामा : पाहिली, की वाचली?

मुग्धा : सारांश वाचते. लागला तर पूर्ण लेख. रात्रपाळी करून कोण अख्खा अंक वाचणार?

मामा : बरं. आणि या पाच पांडवांत 'इंडियन पिडियाट्रिक्स' नाही.

मुग्धा : ते मी लसींचं वेळापत्रक बदललं की उघडते.

मामा : म्हणजे पंचांगासारखं. मुहूर्त लागला की काढायचं. अगं, १९६३ मध्ये मुलांच्या डॉक्टरांची कोलकात्याची आणि मुंबईची संघटना एक होऊन आपली अकादमी झाली आणि पुढच्याच वर्षी हे जर्नल निघालं. त्याच्याही आधी कोलकात्यात डॉ. के. सी. चौधुरींनी १९३३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ पिडियाट्रिक्स' सुरू केलं होतं. तुझ्या अमेरिकन अकादमीचं 'पिडियाट्रिक्स' १९४८ चं.

मुग्धा : वयानं मोठं म्हणून पाया पडेन, पण डोस विचारायला जाणार नाही. मोठ्या चाचण्या कुठे छापून येतात? ज्या जर्नलला जग वाचतं तिथे. तिथली छाननी कडक असते.

मामा : कडक? १९९८ मध्ये तुझ्या 'लॅन्सेट'नं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा लेख छापला. मुलं किती होती त्यात? १२. आणि मागे घ्यायला वर्षं किती लागली? तीही १२. २०१० साली मागे घेतला. त्या लेखाचं नावही न ऐकलेल्या आया आजही माझ्यासमोर बसून विचारतात, "डॉक्टर, या लसीनं डोक्यावर परिणाम होतो म्हणे." लेख मागे घेता येतो गं, भीती मागे घेता येत नाही.

मुग्धा : मान्य. पण तो लेख खोटा आहे हेही छापूनच सिद्ध झालं ना? एकानं छापलं, दुसऱ्यांनी तपासलं, तिसऱ्यांनी उघडं पाडलं. तुझ्या अनुभवाला असा कोण तपासणार? चौतीस वर्षं एकच चूक केली तरी तिला अनुभवच म्हणतात.

मामा : (हसत) हे तू मुंबईत शिकलीस की आईकडून?

मुग्धा : आईकडून. मुंबईत पुरावा मागायला शिकले.

मामा : मग पुराव्याचीच गोष्ट सांगतो. शेंगदाण्याची. २००० साली अमेरिकन अकादमीनं सांगितलं, ज्या घरात ॲलर्जी आहे तिथल्या बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. माझा एक मित्र पुण्याहून कॉन्फरन्स करून आला आणि इथल्या आयांना ते सांगायला लागला. इथे! जिथे भाजीत कूट, चटणीत कूट, उपासाला पुन्हा कूट. आणि २०१५ मध्ये काय झालं?

मुग्धा : लंडनची चाचणी, 'न्यू इंग्लंड'मध्ये. ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने. ज्यांना लवकर शेंगदाणा चारला त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला ॲलर्जी कितीतरी कमी निघाली. सल्ला अगदी उलटा झाला.

मामा : पंधरा वर्षांत 'देऊ नका'चं 'लवकर द्या' झालं. आणि आता तुझ्या वयाचे डॉक्टर इथे येऊन सांगतात, सहाव्या महिन्यात शेंगदाणा सुरू करा. माझ्या ओपीडीत शेंगदाण्याची भीती आहे, पण ती वेगळी. ॲलर्जीची नाही, श्वासनलिकेत अडकण्याची. दीड वर्षाचं पोर, दाणे खाताना हसलं, ठसका लागला आणि महिनाभर न्यूमोनिया म्हणून औषधं चालली. शेवटी दुर्बीण घालून अर्धा दाणा काढला. ज्या आईला मी 'शेंगदाणा द्या' म्हणेन, तिला 'अख्खा दाणा नको, कूट किंवा पेस्ट' हे आधी सांगावं लागेल. सारांशातून सल्ला उचलला की पहिली गळते ती ही ओळ.

मुग्धा : त्या चाचणीत बाळांना दाणे दिलेच नव्हते. पेस्ट किंवा मऊ विरघळणारा खाऊ दिला होता.

मामा : ते तुला आठवलं, कारण मी चिडवलं.

मुग्धा : आणि ती बाळंही साधी नव्हती. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली होती. बरं, हा गुण तुझा. पण आता माझी पाळी. तुझं म्हणणं असं की परदेशी मूल वेगळं, परदेशी जर्नल वेगळं. मग सांग, ताप, हातपाय गार, नाडी जलद, असं मूल रात्री आलं तर तू काय करायचास?

मामा : करायचो म्हणजे? सलाइन लावायचो. भरभर. आम्हाला तेच शिकवलं होतं.

मुग्धा : २०११. युगांडा, केनिया आणि टांझानियातली सहा रुग्णालयं, ३,१४१ मुलं, तशीच. काहींना भरभर सलाइन, काहींना अल्ब्युमिन, काहींना नुसतं नेहमीच्या गतीचं सलाइन. अठ्ठेचाळीस तासांत भरभर दिलेल्या गटांत साधारण साडेदहा टक्के मुलं गेली, न दिलेल्या गटात सव्वासात. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सगळ्या पाठ्यपुस्तकांत जे लिहिलं होतं त्यानं मुलं जास्त दगावत होती. आणि हे छापलं कुणी? बोस्टनच्या 'न्यू इंग्लंड'नं. तू नुसती आपलीच जर्नल्स धरून बसला असतास तर?

मामा : वाचला होता तो लेख. पूर्ण वाचला होता. त्या रात्री झोप आली नाही मला. गेल्या वीस वर्षांत हातून गेलेली मुलं एकेक करून आठवत होतो. सलाइन लावल्यावर तासाभरात श्वास वाढलेली. आम्ही म्हणायचो, आजारच भारी होता.

मुग्धा : मग पटलं तुला.

मामा : पटलं, पण तुला वाटतंय त्या कारणानं नाही. त्या लेखात एक छोटासा परिच्छेद आहे, कुणाला घेतलं नाही याचा. आठवतोय?

मुग्धा : ... नाही.

मामा : जुलाबानं पाणी कमी झालेली मुलं घेतली नव्हती. तीव्र कुपोषित घेतली नव्हती. भाजलेली, अपघाताची घेतली नव्हती. आता तू सारांश वाचून इथे आलीस आणि जुलाबानं डोळे खोल गेलेल्या पोराचं सलाइन रोखून धरलंस तर? मूल तुझ्या हातात जाईल आणि पुरावा तुझ्या फोनमध्ये राहील.

(मुग्धा थोडा वेळ गप्प. खालून मामींची हाक येते, चहा झालाय. दोघंही जागचे हलत नाहीत.)

मुग्धा : ते मी वाचलंच नव्हतं, मामा.

मामा : आणि उलटंही बघ. ती सहा रुग्णालयं कशी होती? व्हेंटिलेटर नाही, अतिदक्षता विभाग नाही, पुष्कळ मुलांना मलेरिया. मलेरिया सोडला तर माझा दवाखानाच तो. तुझ्या मुंबईच्या विभागापेक्षा मला कंपालाचं रुग्णालय जवळचं. म्हणून मी हात आखडला.

मुग्धा : २०२० ची मुलांच्या सेप्सिसची आंतरराष्ट्रीय गाईडलाइनही तशीच फुटली आहे. अतिदक्षता विभाग हाताशी असेल तर पहिल्या तासात बोलस, म्हणजे भरभर सलाइन द्या, मोजून, तपासत. नसेल आणि रक्तदाब टिकून असेल तर बोलस नको.

मामा : बघ. एकच आजार, एकच वय आणि पत्ता बदलला की सल्ला बदलतो.

मुग्धा : पण मग तुझाही मुद्दा पडला. आपलं जर्नल विरुद्ध त्यांचं जर्नल असा हा वादच नाही. झिंकचं बघ. जुलाबात आपण २० मिलिग्रॅम देतो, चौदा दिवस. आया म्हणतात, गोळी दिली की पोर ओकतं. आपण म्हणतो, असू दे, द्या. २०२० मध्ये ४,५०० मुलांवरची चाचणी आली, ५, १० आणि २० मिलिग्रॅमची तुलना करणारी. कमी डोसचा गुण जुलाबात कमी पडला नाही, पण उलट्या कमी झाल्या. २० च्या गटात साधारण १९ टक्के, ५ च्या गटात साधारण १४. मुलं कुठली? भारतातली आणि टांझानियातली. जर्नल? पुन्हा बोस्टनचं.

मामा : म्हणजे आईचं म्हणणं खरं होतं.

मुग्धा : आईचं खरं होतं, ते मोजलं आपल्याच मुलांवर आणि छापलं साता समुद्रापलीकडे. आता हे 'परदेशी' म्हणून बाजूला ठेवणार?

मामा : गडचिरोलीचंही तसंच झालं, खरं म्हणजे. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं काम. गावातल्याच बायकांना शिकवलं, घरी जाऊन बाळ बघायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला. ३९ गावांत हे केलं, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं. मी तेव्हा इथल्या वैद्यकीय संघटनेच्या बैठकीत तो अंक घेऊन गेलो होतो. एक ज्येष्ठ म्हणाले, बाईमाणसानं इंजेक्शन द्यायचं तर आपण डिग्र्या कशाला घेतल्या?

मुग्धा : आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते त्याच पायावर.

मामा : २०११ पासून, देशभर. ज्या 'लॅन्सेट'नं बारा मुलांचा तो लेख छापला, त्याच 'लॅन्सेट'नं हाही छापला. पुढच्याच वर्षी.

मुग्धा : मग मुखपृष्ठ बघून विश्वास ठेवायचाही नाही आणि टाकायचाही नाही. जलसंजीवनीचा निबंध तर कुठे आला होता माहितेय? १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. सलाइन संपत आलं होतं, जमिनीवर कॉलऱ्याची माणसं पडलेली. मृत्यूचं प्रमाण तीसएक टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. तो निबंध १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जर्नलमध्ये आला. आज ते जर्नल निघतसुद्धा नाही.

मामा : महालनबीस मुलांचेच डॉक्टर. म्हणजे जर्नल रद्दीत गेलं आणि पाणी घराघरात राहिलं.

मुग्धा : पण एक विचारू? रागावू नकोस. ही उघडलेली जर्नल्स १९९० पासून आहेत, शेवटचं उघडलेलं २०१९ चं. पुढची सगळी पाकिटात. तू मला सारांशावरून बोललास. तू तर सारांशही वाचत नाहीस.

मामा : (बराच वेळ जर्नल्सच्या कडा सारख्या करत) संध्याकाळची ओपीडी दहाला संपते. मग डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात. सध्या मी वाचतो ते औषध कंपनीचा एमआर आणून देतो ते. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख आणि प्रत्येक आलेखात त्याच्या कंपनीचं औषध वर. मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत तीस क्रेडिट तास दाखवायचे असतात, ते हॉटेलातल्या कॉन्फरन्समध्ये भरतात. अज्ञान असं एकदम येत नाही गं. ते पाकिटातून दर महिन्याला घरपोच येतं, आणि आपण सही करून घेतो.

मुग्धा : आणि मी दिवसाला वीस मथळे वाचून स्वतःला सुज्ञ समजते. तुझी पाकिटं प्लास्टिकची, माझी काचेची.

मामा : मग करायचं काय? तू पाच नावं सांगितलीस, मी एक. दोन्ही याद्या पुरत नाहीत.

मुग्धा : 'आर्काइव्ह्ज'मध्ये एक सदर असतं, 'आर्किमिडीज' नावाचं. त्याची सुरुवात कधी लेखापासून होत नाही, मुलापासून होते. समोर अमुक वयाचं मूल, अमुक त्रास, घरच्यांनी विचारलं अमुक. मग डॉक्टर प्रश्न नीट मांडतो, पुरावा शोधतो, चाळतो आणि शेवटी दोन ओळींत सांगतो, पलंगापाशी गेल्यावर काय करायचं. मला ते आवडतं, कारण तिथे आधी खाज येते आणि मग खाजवतात.

मामा : आम्ही उलट करतो. खाजवत बसतो, खाज कुठे आहे माहीत नसताना. म्हणजे महिन्याला एकच प्रश्न धरायचा. ओपीडीतला. त्यासाठी जिथे मिळेल तिथे जायचं, बोस्टन असो की दिल्ली. आणि लेख उघडला की पहिल्यांदा निष्कर्ष वाचायचा नाही. पहिल्यांदा बघायचं, यातली मुलं कोण आहेत, कुणाला घेतलं नाही, रुग्णालय कसं आहे. माझ्या बाकड्यावरचं मूल त्यांच्यात बसतं का?

मुग्धा : बसत नसेल तर?

मामा : तर तो लेख ज्ञान म्हणून वाचायचा, आज्ञा म्हणून नाही. आपल्या जर्नलचं मोल मला तिथे वाटतं. उंची-वजनाचे तक्ते घे. पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता चालतो, त्यात दिल्लीची बाळंही होती. पण पाचाच्या वर? २०१५ मध्ये आपल्या अकादमीनं स्वतःचे तक्ते काढले, 'इंडियन पिडियाट्रिक्स'मध्ये आले, पुण्याच्या खाडिलकर दांपत्याचं त्यात मोठं काम. आपल्या माणसाला मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून स्थूलतेची रेघही खाली धरली. परदेशी तक्त्यावर ज्या मुलाला 'बरं आहे' म्हटलं असतं, ते आपल्या तक्त्यावर रेषेपार जातं. हा प्रश्न बोस्टनला पडणार नाही. तो आपल्यालाच पडला पाहिजे आणि आपणच मोजला पाहिजे.

मुग्धा : हे मी मानते. आणि या जर्नलचे बरेच अंक इंटरनेटवर फुकट आहेत, हेही. माझी ती पाच बहुतेक कुलपात असतात. हॉस्पिटलचं लॉगिन गेलं की मी पुन्हा सारांशावर.

मामा : आता तू एक सांग. वाचून तू आजवर काय सुरू केलंस ते नको. थांबवलंस काय?

मुग्धा : (विचार करून) ब्रॉन्किओलायटिसच्या बाळाला सालब्युटामॉलची वाफ. अमेरिकन अकादमीनं २०१४ मध्ये सांगितलं, देऊ नका. मी देत नाही.

मामा : मुंबईच्या वॉर्डात ते सोपं असतं. इथे मी ते थांबवलं, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "एवढं घरघर करतंय पोर आणि साधी वाफ देत नाही, कसले डॉक्टर." कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथे वाफ मिळाली, पोर पाचव्या दिवशी बरं झालं.

मुग्धा : ते वाफेशिवायही पाचव्या दिवशी झालं असतं.

मामा : ते तुला माहीत, मला माहीत. आजोबांना वाफ माहीत. नवं औषध लिहायला पेन पुरतं. जुनं थांबवायला पाठीचा कणा लागतो आणि गिऱ्हाईक जाऊ द्यायची तयारी लागते. ती तयारी कुठल्याच जर्नलमध्ये येत नाही. पण न वाचता थांबवलं तर तो नुसता हट्ट झाला. म्हणून वाचायचं.

(खाली सायकलची घंटा. पाच वाजले. रद्दीवाला तराजू घेऊन जिना चढतो, ढिगाकडे बघतो आणि मान हलवतो.)

रद्दीवाला : डॉक्टरसाहेब, प्लास्टिकसकट नाही चालणार. कारखाना घेत नाही. पाकिटं फोडून कागद वेगळा करून द्या, मग तोलतो.

मुग्धा : सगळी?

रद्दीवाला : सगळी. मी बसतो की. घाई नाही.

मामांनी कात्री आणली. पहिलं पाकीट फुटलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला मामांचा हात थांबला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. मुग्धानं पाचवं फोडलं, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं आणि तीही जमिनीवरच बसली.

मुग्धा : मामा, हे बघ, ग्रामीण रुग्णालयातल्या कावीळ झालेल्या बाळांवर आहे.

मामा : निष्कर्ष सांगू नकोस. मुलं कुठली ते सांग.

मामींनी आता चहा वरच आणून दिला, तीन कप. रद्दीवाल्यानं आपला कप संपवला, तराजूची दोरी सोडवून पुन्हा बांधली आणि जिन्याच्या पायरीवर जरा सरकून बसला.

रद्दीवाला : डॉक्टर, आज तोलायचंय का वाचायचंय?